परक्या गावात गाडी बोलवायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दिवाळीच्या आधीपासून पत्रं आणि मेसेज साठत आलेत आणि यावेळी जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच. टूरवाल्याबरोबर न जाता आपलं आपण परदेशात जायचं ठरवलंय, तिकीट झालं, हॉटेल झालं, पण विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर पुढे काय? बडोदा स्टेशनबाहेर आपण "काका, मांडवी आवशो?" असं विचारून दोन मिनिटात भाडं ठरवून मोकळे होतो, तिकडे ना ती भाषा येत ना भाडं किती असायला हवं ते माहीत. मला हा विषय फार जवळचा आहे कारण गेल्या काही वर्षात मी जी काही एकटीनं हिंडले ती मोबाईलवरून गाडी बोलवता येते म्हणूनच हिंडू शकले. म्हणून यावेळचं सगळं सदर याच्यावरच.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे, कारेलीबागला राहतो. सिंगापूर आणि क्वालालंपूर असं आठ दिवस स्वतःच जातोय. मोबाईलमध्ये उबर आणि ओला दोन्ही आहेत, इथे आम्ही सर्रास वापरतो. तेच तिकडे चालतील ना?

उत्तर : नाही चालणार, आणि निघायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. उबरनं २०१८ मध्ये आग्नेय आशियातला आपला सगळा धंदा ग्रॅब कंपनीला देऊन टाकला आणि बदल्यात ग्रॅबमध्ये २७.५ टक्के हिस्सा घेतला. त्यामुळे सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपिन्स, कंबोडिया, म्यानमार या आठ देशात ग्रॅब चालतं, उबरची गाडी काही येणार नाही. ओला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये होती, ती २०२४ मध्ये तिथून निघाली.

तर ग्रॅब आजच घरी बसून टाकून घ्या. आजच म्हणते त्याला कारण आहे, ॲप सुरू करताना ओटीपी येतो तो तुमच्या इथल्या नंबरवर, आणि बरेच जण काय करतात, तिकडे उतरल्या उतरल्या लोकल सिम घालतात, आपलं सिम काढून पाकिटात ठेवतात, मग ॲप उघडून नंबर टाकतात आणि ओटीपीची वाट बघत बसतात. तो येणार कुठून? इथूनच लॉगिन करून गेलं की ही भानगडच नाही, नंबर भारतातला असला तरी ॲप तिकडे नीट चालतं. फोन दोन सिमचा असेल तर आपलं सिम आतच राहू द्या, त्याचा डेटा तेवढा बंद ठेवा, आणि निघायच्या आधी मोबाईल कंपनीला विचारून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या म्हणजे बँकेचे मेसेज येत राहतील. डेटासाठी लोकल सिम किंवा ई-सिम घ्यायचं ते विमानतळाच्या आतच घ्या. आतल्या फुकट वायफायवर गाडी बोलवली आणि बाहेर रस्त्यावर आलात की वायफाय तुटतं आणि मग गाडी कुठे आलीय ते दिसत नाही.

हॉटेलसुद्धा इथूनच ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा, पण नुसत्या नावावरून नको, पूर्ण पत्ता बघून. एकाच नावाची हॉटेलं एका शहरात चार-चार असतात.

क्वालालंपूरचं एक खास सांगते. तिथल्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत आणि ती शेजारी शेजारी नाहीत, मधे ट्रेननं जावं लागतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उतरले होते टर्मिनल १ ला आणि घाईत नकाशावरचा पिन टाकला टर्मिनल २ वर, ड्रायव्हर तिकडे उभा, मी इकडे उभी, तो मलयमध्ये लिहितोय, चॅटमध्ये खाली इंग्रजी भाषांतर येतंय की मी दारात आहे, मीही तेच लिहितेय की मी दारात आहे, शेवटी दाराचा नंबर विचारला तेव्हा कळलं. मला कॅन्सलचे पैसे पडले ते पडले पण त्या माणसाची खेप फुकट गेली त्याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी बॅगा घेऊन आधी बाहेरच्या दारापर्यंत येते, वर लिहिलेला दाराचा नंबर वाचते आणि मगच गाडी बोलवते. आतूनच, बॅगांच्या पट्ट्याजवळ उभं राहून बुक करायची घाई करू नका, गाडी येऊन थांबली की थांबण्याचे पैसे लागायला लागतात.

विमानतळ शहरापासून पन्नासएक किलोमीटर आहे. मलेशियात स्क्रीनवर दिसतं त्या भाड्यावर टोल वेगळा लागतो, तो शेवटी बिलात येतो, त्यावरून ड्रायव्हरशी वाद घालू नका, तो रीतसर आहे. केएलआयए एक्सप्रेस नावाची ट्रेन टर्मिनल १ पासून शहरातल्या केएल सेंट्रल स्टेशनला २८ मिनिटात नेते, एकटी असले तर मी तीच घेते, पण तुम्ही दोघं, मोठ्या बॅगा आणि तिथून पुढे हॉटेलपर्यंत परत गाडी हे सगळं धरलं तर थेट गाडीच सोयीची पडेल. सिंगापूरला मात्र उलटं सांगीन, दिवसभर मेट्रोनंच फिरा, कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला टेकवलं की आत, तिकीट काढायला नको, आणि गाडी फक्त रात्री पाय बोलायला लागल्यावर.

प्रश्न : आम्हीही सिंगापूरलाच जातोय, बरोबर चार वर्षांचा मुलगा. मैत्रीण म्हणाली की तिच्या मुलाला बघून ड्रायव्हरनं गाडीत घ्यायलाच नकार दिला. असं कसं करू शकतात? (वाघोडिया रोड)

उत्तर : करू शकतात आणि तो बरोबर होता. सिंगापूरचा नियम आहे की १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाच्या सीटवरच बसवायचं. टॅक्सीला यातून सूट आहे पण ॲपवर येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही, आणि साधा पर्याय निवडला की दोन्हीपैकी काहीही येऊ शकतं. म्हणून बुक करताना एकतर लहान मुलांच्या सीटवाला पर्याय निवडा, ग्रॅबमध्ये तो फॅमिली नावानं आहे, नाहीतर टॅक्सीचाच निवडा. आणि गाडीत माणसं मोजताना मुलालाही धरा. आपल्याकडे "तो काय मांडीवर बसेल" म्हणतो ते तिथे चालत नाही, आणि खरं सांगायचं तर इथेही चालायला नको. टॅक्सीला सूट आहे म्हणून मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका एवढं मी आईसारखं सांगते.

प्रश्न : ताई, मी मकरपुऱ्यात एका कारखान्यात काम करतो, मित्र आणि मी दोघं अहमदाबादहून व्हिएतनामला चाललोय, पहिलाच परदेश. ॲपमध्ये माझं डेबिट कार्ड टाकायला गेलो तर घेतच नाही. यूपीआयनं भागेल का? आणि तिकडे फसवतात म्हणतात ते खरं का?

उत्तर : कार्ड बिघडलेलं नाही, बंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड हातात येतं ते फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं, परदेशातला व्यवहार आपण स्वतः चालू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या सेटिंगमध्ये जा, इंटरनॅशनल चालू करा, त्यातही ऑनलाइनचं वेगळं बटण असतं ते करा, आणि मर्यादा रोजच्या खर्चापुरतीच ठेवा. मर्यादेचं का म्हणते, तर परदेशी कंपनी पैसे कापताना आपल्यासारखा दरवेळी ओटीपी मागेलच असं नाही. परत आल्यावर, बॅगा उघडायच्या आधी, ते बटण बंद करा. कार्डावर परदेशातल्या खर्चाला बँक वरती दोन-साडेतीन टक्के लावते, त्यावर जीएसटी, तेव्हा दोघांत मिळून एखादं कमी चार्जवालं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड, असेल तर ते टाका. पैसे कापताना रुपयात कापू का असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या, रुपयातला दर नेहमी महाग पडतो. यूपीआय आता काही देशात दुकानातून चालतं पण गाडीच्या भाड्याला त्याच्यावर विसंबून जाऊ नका.

आणि कार्ड नाहीच जमलं तरी घाबरू नका, व्हिएतनाममध्ये ग्रॅबला रोख चालते, बुक करतानाच रोख निवडायचं. फक्त नोटा नीट बघा. तिथे सगळं हजारात आणि लाखात, आणि २० हजारांची नोट निळी, ५ लाखांचीही निळीच, रात्रीच्या अंधारात गाडीत बसून पैसे देताना एकीच्या जागी दुसरी जाऊ शकते. मी सरळ पाकिटाच्या दोन वेगळ्या कप्प्यात ठेवत होते. पाच लाखांची नोट मोडून सुट्टे आधीच करून घ्या, ड्रायव्हरकडे असतातच असं नाही.

आता फसवणुकीचं. ॲपमधून येणारी गाडी फसवत नाही, फसवतो तो दारात उभा असलेला माणूस, जो तुमच्या हातात मोबाईल बघून "ग्रॅब? ग्रॅब?" करत जवळ येतो, कधी ग्रॅबवाल्यांसारखं हिरवं जॅकेटही घातलेलं असतं, स्वतःच्या फोनवर भाडं दाखवतो, बॅग उचलून चालायलाच लागतो. माझ्याबरोबर एका विमानतळावर झालंय, त्यानं स्क्रीन दाखवला त्यावर माझ्या हॉटेलचं नावही होतं, मला दोन क्षण वाटलं की हाच असेल. मग माझ्या ॲपमध्ये नंबर बघितला तर गाडी अजून सात मिनिटं लांब होती. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, जो स्वतःहून माझ्याकडे येतो त्याच्याबरोबर मी जात नाही, मी ज्याला बोलवलंय त्याच्याकडे मी चालत जाते. ग्रॅबशिवाय तिथे झान एसएम म्हणून इलेक्ट्रिक टॅक्सीही आहेत, २०२३ मध्ये सुरू झाल्या, गाड्या नव्या आणि स्वच्छ, त्यांचंही ॲप आहे, दोन्ही टाकून जा, पाऊस पडला की एकावर गाडी मिळत नाही आणि दुसऱ्यावर मिळते.

बाईक टॅक्सी स्वस्त पडते आणि तुम्ही तरुण आहात, बसणारच, तर हेल्मेट घालूनच बसा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना दुचाकीवरचा अपघात त्यात धरलाय का ते वाचून घ्या, कितीतरी पॉलिसीत तो वगळलेला असतो.

प्रश्न : माझं वय २६, फतेगंजला राहते, एकटीनं बँकॉक आणि नंतर इस्तंबूल करायचंय. घरच्यांना रात्रीच्या गाडीची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडी मलाही वाटते. तुम्ही काय काळजी घेता?

उत्तर : भीती वाटते म्हणून जाऊ नको असं मी कधीच सांगणार नाही, आणि घरच्यांची काळजीही खोटी नाही. ग्रॅबचं मूळच यात आहे, २०१२ मध्ये क्वालालंपूरला ते टॅक्सी बोलवायचं ॲप म्हणून सुरू झालं, रात्री टॅक्सीत एकट्या बाईला सुरक्षित वाटत नाही, भाड्याची खात्री नाही, यातूनच.

मी काय करते ते सांगते. गाडी आली की आधी नंबर प्लेट, पूर्ण, शेवटचे दोन आकडे नाही. मग ड्रायव्हरचा फोटो. मग दार उघडायच्या आधी त्यालाच विचारायचं, कोणाला न्यायला आलात? आपलं नाव आपण सांगायचं नाही, त्यानं सांगायचं, आपण सांगितलं की कोणीही मान डोलावेल. काही शहरात ॲप चार आकडी पिन देतं, तो सांगितल्याशिवाय प्रवास सुरूच होत नाही, तसा पर्याय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करून ठेव. मागे बसायचं, पट्टा लावायचा, आणि बसल्या बसल्या प्रवास शेअर करायचा, मी धाकट्या बहिणीला करते, तिला बडोद्यात घरी बसून नकाशावर माझी गाडी सरकताना दिसते, आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असं फोनवर एकदा बोलतेही. मराठीत बोललं तरी चालतं, कोणाशी तरी बोलतेय एवढं त्याला कळलं की पुरे.

थायलंडमध्ये ग्रॅब आणि बोल्ट दोन्ही चालतात, बोल्ट बरेचदा स्वस्त पडतं, पण रात्री मी थोडे जास्त देऊन ग्रॅबच घेते, हे माझं मत आहे. दिवसा मात्र बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून राहू नकोस, वरून जाणारी स्कायट्रेन घे.

इस्तंबूलला उबर आहे पण ते उघडलंस तर येते तिथली टॅक्सीच, ॲपमधून बोलवलेली, भाडं मीटरनं. यात फायदा असा की प्रवासाची नोंद राहते, कुठला ड्रायव्हर, कुठून कुठे, किती वाजता. बीटॅक्सी नावाचं तिथलंही आहे, तेही असंच. विमानतळावरून रात्री उशिरा उतरणार असशील तर हवाइस्त म्हणतात ती बस शहरातल्या ताक्सिम चौकापर्यंत येते, त्यात इतर प्रवासी असतात, मला पहिल्या रात्री ती बरी वाटली होती. आणि जमलं तर पहिल्या दिवशी उजेडात पोचणारं विमान घे, हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

प्रश्न : बालीत उबुदला ॲपवर गाडी बोलवली तर ड्रायव्हरनं मेसेज केला की हॉटेलच्या दारात येऊ शकत नाही, मुख्य रस्त्यावर या. आम्ही बॅगा ओढत गेलो. असं का? (एक वाचक, गोत्री)

उत्तर : उबुदमध्ये आणि बालीच्या आणखी काही गावात स्थानिक टॅक्सीवाल्यांचे आपले गट आहेत आणि ॲपच्या गाड्यांनी तिथून प्रवासी उचलायचे नाहीत असे फलकसुद्धा रस्त्यात लावलेले असतात. सोडायला आले तर कोणी अडवत नाही, न्यायला आले की वाद होतो. ड्रायव्हर भांडणात पडायला नको म्हणून लांब बोलवतो, त्याचीही बाजू समजून घ्या. अशा गावात हॉटेलवाल्याकडूनच दिवसभराची गाडी ठरवावी, भाडं आधी बोलून.

प्रश्न : दर देशाचं वेगळं ॲप म्हणजे फोन भरून जायचा. कुठे काय लागतं ते एकदा सांगून टाका ना.

उत्तर : सगळे देश नाही सांगता येणार पण आपली माणसं जिथे जास्त जातात तिथलं सांगते. दुबईत उबर आहे आणि करीमही, करीमचा गाड्यांचा धंदा आता उबरच्याच मालकीचा आहे, २०२० पासून. करीममध्ये हला नावाचा पर्याय निवडला की तिथली सरकारी परवान्याची टॅक्सी येते, ती सहसा स्वस्त पडते, आणि विमानतळावरून टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो आहेच. जॉर्जियात त्बिलिसीला बोल्ट, कझाकस्तानात अल्माटीला आणि उझबेकिस्तानात ताश्कंदला यांडेक्स. चीनमध्ये उबर २०१६ मध्येच दीदीला विकलं गेलं, आणि दीदी वेगळं न टाकताही अलीपे ॲपच्या आतून वापरता येतं, ज्यात आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, हे मात्र निघायच्या आधी घरीच करून बघा. जपानला गो, कोरियाला काकाओ टी, नेपाळला पठाओ आणि इनड्राइव्ह, इनड्राइव्हमध्ये भाडं आपण सुचवायचं आणि ड्रायव्हरनं हो-नाही करायचं, घासाघीस ज्यांना येते त्यांना आवडेल. फोन भरेल म्हणता, तर परत आल्यावर काढून टाका, पण आधी कार्ड काढा, मग ॲप.

प्रश्न : मुलगा लंडनला शिकायला गेलाय, आम्ही त्याला भेटायला जातोय. तो म्हणतो हीथ्रोवरून उबर करू नका, ट्रेननं या. एवढ्या बॅगा घेऊन? (मांजलपूर)

उत्तर : मुलाचं ऐका. हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइन आणि पिकॅडिली लाइन दोन्ही थेट शहरात येतात, एलिझाबेथच्या गाड्या मोठ्या आहेत, मधल्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट आहे, बॅगा घेऊन त्याच बऱ्या. उबर तिथे चालतं, पण गर्दीच्या वेळी भाडं चढतं आणि ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास कुठेच गेला नाही. स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन मैलांना करा गाडी. आणि एक लक्षात असू द्या, लंडनमध्ये रस्त्यात हात दाखवून थांबवता येते ती फक्त काळी कॅब, बाकी गाड्या आधी बुक केलेल्याच पाहिजेत, बाहेर कोणी "मिनीकॅब?" म्हणून विचारत असेल तर त्याच्याकडे वळूच नका, ते बेकायदा आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, दांडिया बाजारला राहते. हे जाऊन तीन वर्षं झाली. श्रीलंका बघायची आमची दोघांची फार इच्छा होती. मुलगी म्हणते टूरबरोबर जा, पण मला सकाळी माझ्या वेळेनं चहा पिऊन निघायचंय आणि जिथे बरं वाटेल तिथे बसून राहायचंय. मला स्मार्टफोन येतो पण गाडी कायम मुलगीच बोलवून देते. मला जमेल का?

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जमेल, फक्त आधी बडोद्यात शिकून घ्यायचं. पुढचा महिनाभर मुलीला गाडी बोलवू देऊ नका. दांडिया बाजारहून कमाटीबाग, कमाटीबागेहून स्टेशन, स्टेशनहून घरी, असं आठवड्यातून दोनदा तुम्ही एकट्यानं करायचं. नकाशावरचा पिन स्वतः टाकायचा, नंबर प्लेट स्वतः वाचायची, ड्रायव्हरला नाव विचारायचं, बसल्यावर प्रवास मुलीला शेअर करायचा. एकदा मुद्दाम बुक करून लगेच कॅन्सलही करून बघा, म्हणजे कॅन्सल कुठून करतात ते हाताला कळेल. आपल्या भाषेत, आपल्या रस्त्यावर हे दहा वेळा झालं की कोलंबोत बोटं आपोआप चालतात, कारण उबर कोलंबोतही आहे, तेच ॲप, तीच बटणं. शिवाय पिकमी म्हणून त्यांचं स्वतःचं आहे ते टाकून घ्या, त्यात तीनचाकी मिळते, आपल्या रिक्षेसारखीच, आणि भाडं आधी दिसतं. रस्त्यावरच्या तीनचाकीशी घासाघीस करायची वेळच येत नाही.

विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबोपासून तीसेक किलोमीटरवर, पहिल्या दिवशी मात्र ॲपच्या नादाला लागू नका, हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा, थोडे जास्त जातील, पण दमून उतरल्यावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला माणूस दिसला की बरं वाटतं. त्याच्याकडूनही आधी हॉटेलचं नाव वदवून घ्या. ॲप शहरातल्या शहरात वापरायचं, कोलंबो ते कँडी शंभराच्या वर किलोमीटर होतात, तिथे ट्रेन किंवा दिवसाची ठरवलेली गाडी. गॉलला जाताना ट्रेन समुद्राच्या अगदी कडेनं जाते, खिडकी उजवीकडची धरा. मुलीला सांगा की रोज संध्याकाळी सातला फोन करीन, आणि करा.

आणि वाचायचा चष्मा हातातल्या पर्समध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा, नंबर प्लेट वाचायला दर वेळी लागणार आहे.